ताग-बगॅस घातलेलं पीपी वितळल्यावर किती वाहतं, ते नीट मोजायची रीत

पावसाळा लागला की दरवर्षी मला एकच प्रश्न चार ठिकाणाहून येतो. विचारणारी कॉलेजची प्रोजेक्टवाली पोरं असोत नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेत छोटं मोल्डिंग टाकलेले कोणी, म्हणणं तेच: पीपीमध्ये (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकमध्ये) ३० टक्के बगॅस (उसाचा चोथा) घातला आणि एमएफआय (वितळलेला माल ठराविक वजनाखाली बारीक भोकातनं दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर येतो तो आकडा) कमी व्हायचं सोडून वाढला, म्हणजे आमचा माल चांगला वाहतोय ना? नाही ओ. धागा पडला की माल जाड व्हायलाच पाहिजे. पातळ दिसतोय म्हणजे बहुतेक वेळा आत पाणी राहिलंय, नाहीतर माल जळून प्लास्टिकची साखळी तुटलीय, नाहीतर धागा मागंच अडकून नुसतं प्लास्टिक बाहेर आलंय. आकडा वाढला म्हणून खूश व्हायच्या आधी ह्या तिन्ही गोष्टी नाहीत हे दाखवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी कामाचा क्रम पाळावा लागतो. खाली तो क्रम दिलाय, मधलं काही गाळू नका.

आधी एवढं समजून घ्या

वितळलेलं पीपी पाण्यासारखं वाहत नाही. हळू ढकललं तर जाड लागतं, जोरात ढकललं तर पातळ होतं. धागा घातल्यावर हा गुण आणखी वाढतो. कणकुंबीकडं पहिल्या पावसात ओढ्यातनं वाहत येणाऱ्या काटक्या बघा, संथ पाण्यात आडव्यातिडव्या एकमेकीत अडकून बसतात आणि धार जोराची असली की सगळ्या धारेच्या दिशेला सरळ होऊन निघून जातात. धाग्याचं तसंच आहे. त्यामुळं कमी वेगाला साधं पीपी आणि धागावालं पीपी यांच्यात भरपूर फरक दिसतो, पण मोल्डच्या गेटमधल्या (माल साच्यात शिरतो त्या तोंडातल्या) वेगाला तोच फरक बराच कमी झालेला असतो.

एमएफआय मशीन हे हळू ढकलायचं मशीन आहे. एमएफआय १० असलेल्या साध्या पीपीला त्या २.०९५ मिमीच्या भोकात शिअर रेट (मालाचे थर एकमेकांवरनं घसरायचा वेग) मिळतो सेकंदाला २५ च्या आसपास, तर मोल्डच्या गेटमध्ये तो हजारात जातो, बारीक गेट असेल तर दहा हजारांच्या घरात. म्हणून एमएफआय लॉटला लॉट ताडून बघायला चांगला, पण मोल्ड भरेल की नाही हे तो एकटा सांगू शकत नाही.

टप्पा १: प्लास्टिक निवडा आणि ते एकटं मोजा

झाडाचा कुठलाही धागा असो, ताग, अंबाडी, घायपात, काथ्या, बगॅस, २०० अंशाच्या पुढं तो जास्त वेळ टिकत नाही. म्हणून पीपी (साधारण १६५ अंशाला वितळतं) किंवा एचडीपीई (१३० च्या आसपास) घ्या. नायलॉन ६ ला वितळायलाच २२० अंश लागतात, तोपर्यंत धागा करपायला लागतो, तिकडं वळू नका.

पोत्यांचा राफिया दाणा स्वस्त मिळतो म्हणून तोच घेतात, पण त्याचा एमएफआय ३ च्या आसपास असतो, त्यात ३० टक्के धागा घातला तर मोल्डिंगला फार जड जातं. इंजेक्शनचा दाणा घ्या, एमएफआय १० च्या वरचा. भंगाराचा दाणा वापरणार असाल तर प्रत्येक पोतं वेगळं समजून मोजा.

आता महत्त्वाचं. दाण्याच्या पोत्यावर जो एमएफआय छापलेला असतो तो २३० अंश आणि २.१६ किलोचा असतो, पीपीची नेहमीची कंडिशन तीच. तुम्ही धागावाला माल २३० ला तपासूच शकत नाही, जळतो. तो १९० ला तपासावा लागतो. मग १९० चा आकडा पोत्यावरच्या २३० च्या आकड्याशी ताडून काय उपयोग? साधं पीपीसुद्धा १९० ला घालून मोजा आणि तो आकडा वहीत पहिल्या ओळीवर लिहा. पुढची सगळी तुलना त्याच्याशी करायची.

टप्पा २: धागा साफ करा, कापा, चाळा

संकेश्वर, चिकोडी, निपाणी भागात हंगामात बगॅस पाहिजे तेवढा मिळतो, पण कारखान्यातनं येतो तेव्हा त्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं, वर थोडी साखर राहिलेली असते आणि स्पंजासारखा मऊ भुसा असतो. साखर धुवून काढली नाही तर बॅरलमध्ये तीच आधी जळते. गुऱ्हाळात काहील उतरवायला उशीर झाला की जो करपट वास येतो ना, मशीनमधनं हुबेहूब तसा वास आला तर समजा धुणं कमी पडलंय. गरम पाण्यात दोन-तीनदा धुवा, शेवटचं पाणी रंग न सोडता निघालं पाहिजे. मऊ भुसा वाळल्यावर चाळून काढा, तो पाणी धरून ठेवतो आणि ताकद काही देत नाही.

मग कापा. लॅबमध्ये एमएफआय करायचा असेल तर धागा १ ते २ मिमीच्या पुढं नको, भोकच २ मिमीचं आहे, लांब धागे तोंडावर आडवे बसतात. इथं एक चूक सगळे करतात, चाळणीच्या मापाला धाग्याची लांबी समजतात. धागा उभा होऊन चाळणीतनं पडतो हो! १ मिमीच्या चाळणीतनं ५ मिमीचा धागा आरामात खाली येतो. चिमूटभर धागा काळ्या कागदावर पसरा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, भिंग घेऊन निदान पन्नास धागे मोजा आणि लांबी लिहून ठेवा. दळून पीठ केलं तर वाहायला सोपं जाईल, पण मग त्याला धाग्याचा माल म्हणू नका, ते नुसतं भराव झालं.

कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करणार असाल तर ५ टक्क्यांचं द्रावण पुरतं, नंतर पीएच पेपर ७ दाखवेपर्यंत धुवा. ह्यानं धाग्याचा जुडगा सुटून बारीक धागे होतात, म्हणजे प्लास्टिकला चिकटायला जागा वाढते आणि माल थोडा आणखी जाड होऊ शकतो. म्हणून धुतलेला धागा आणि कॉस्टिकवाला धागा यांचे आकडे एका रकान्यात लिहू नका.

सावधान: कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडं थोडं टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधी ओतायचं नाही. जर्मनचं भांडं अजिबात नको, कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन सुटतो. स्टील किंवा प्लास्टिकची बादली घ्या, हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा.

टप्पा ३: वाळवा (इथंच नव्वद टक्के घोळ होतो)

उघड्यावर ठेवलेल्या तागात, बगॅसमध्ये नेहमीच्या हवेतसुद्धा ८ ते १२ टक्के पाणी असतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं त्याच्याही वर जातं, खानापूरकडं तर विचारूच नका. आता हिशोब बघा. १ किलो मालात ३०० ग्रॅम धागा, त्यात फक्त ५ टक्के पाणी राहिलं तर ते १५ ग्रॅम. १ ग्रॅम पाण्याची १९० अंशाला साध्या दाबाखाली जवळपास २ लिटर वाफ होते. म्हणजे एक किलो मालातनं ३० लिटर वाफ! ती वाफ माल पुढं ढकलते, फुगवते, आणि तुम्हाला वाटतं माल छान वाहतोय.

कसं वाळवायचं:

१. ऊन असेल तर आधी दोन दिवस उन्हात पसरा. पावसाळ्यात ही पायरी विसरा.

२. हॉट एअर ओव्हनमध्ये ट्रेत दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जाड थर नको. १०५ अंशाला चार-सहा तास, किंवा ८० अंशाला रात्रभर. मधे एकदा हलवा. ओव्हनमध्ये धाग्याची धूळ साचू देऊ नका, ती पेटते, आणि रात्रभर ठेवणार असाल तर कुणीतरी जवळ पाहिजे.

३. घड्याळावर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा. तासाच्या अंतरानं दोनदा वजन करा, १०० ग्रॅममागं ०.२ ग्रॅमपेक्षा कमी फरक आला की वाळला.

४. गरम असतानाच जाड पॉलिथिनच्या पिशवीत किंवा झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरा, आत सिलिका जेल टाका.

चौथी पायरी मी स्वतः एकदा सोडली होती. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, धागा व्यवस्थित वाळवून ट्रे टेबलावर ठेवला आणि सगळे चहाला गेलो. परत येऊन ट्रे काट्यावर ठेवला तर आकडा मघाशी लिहिलेल्यापेक्षा वर, आणि बघता बघता दशांशाचा आकडा अजून चढतोय. तसाच माल मशीनला टाकला. ऑपरेटर मामांनी दोन मिनिटांत हाक मारली, "सर, माल थुंकुलालाय की ओ!" नोझलमधनं खरंच थुंकल्यासारखा फडफड करत येत होता. अख्खी बॅच गेली. तेव्हापासून ओव्हनमधनं निघालेला धागा सरळ डब्यात, मधे कुठं टेकवायचा नाही.

तपासा: धाग्यात पाणी १ टक्क्याच्या आत पाहिजे, एमएफआयला घालायच्या मालात ०.५ च्या आत.

टप्पा ४: वजन आणि मिक्सिंग

वजन सुक्या धाग्याचं धरा. ८ टक्के ओला ३०० ग्रॅम धागा म्हणजे खरा २७६ ग्रॅमच. आणि टक्के वजनाचे आहेत की आकारमानाचे ते लिहा. धाग्याची घनता साधारण १.४५ धरली आणि पीपीची ०.९०५, तर वजनानं ३० टक्के म्हणजे आकारमानानं फक्त २१ च्या आसपास येतं. वाहण्यावर परिणाम आकारमानाचा होतो, वजनाचा नाही.

प्लास्टिक आणि धागा एकमेकाला धरत नाहीत, म्हणून मॅलिक अनहायड्राइड लावलेलं पीपी, ज्याला बाजारात एमएपीपी म्हणतात, ते २ ते ५ टक्के घालतात. ते बेतात असेल तर पकड वाढते आणि माल सहसा थोडा जाड होतो. जास्त झालं तर उलटं, ते स्वतः पातळ असल्यामुळं वंगणासारखं वागतं. आणि वाहावं म्हणून झिंक स्टिअरेट टाकायची सवय असेल तर एमएपीपीबरोबर ती मोडा, स्टिअरेट त्याच्याशीच भिडतं आणि दोन्हीचा उपयोग जातो. वंगण लागतंच म्हटलं तर धातूचा साबण नसलेलं घ्या.

क्रम असा: आधी पीपी आणि एमएपीपी पूर्ण वितळू दे, मग पुढच्या तोंडातनं धागा, त्याच्या पुढं व्हेंट (वाफ बाहेर जायची वाट) उघडा. सगळं एकदम हॉपरमध्ये टाकलं तर न वितळलेल्या दाण्यांमध्ये धागा चिरडून बारीक होतो, आणि कापसासारखा हलका धागा हॉपरच्या गळ्यात कमान करून बसतो तो वेगळाच. सिंगल स्क्रूवर दोनदा काढावं लागतं, पण दर वेळी धागा तुटतो, म्हणून सगळ्या बॅचेस सारख्याच वेळा काढा.

तापमान १७० ते १८५. पण पॅनलवर दिसतं ते बॅरलच्या भिंतीचं. जाड माल स्क्रूत घासून स्वतःच तापतो. बाहेर आलेल्या गोळ्यात सुईचा थर्मोकपल खुपसून बघा, पॅनलपेक्षा १० अंश जास्त दाखवला तर नवल नाही. २०० ला टेकत असेल तर आधी आरपीएम कमी करा.

तार पाण्याच्या टबातनं नेऊ नका, कापलेल्या टोकांतनं धागा पुन्हा पाणी पितो. पंख्यानं थंड करा. आणि टबातनं नेली असो वा नसो, दाणा कापल्यावर परत ८०-९० अंशाला तीन-चार तास वाळवायचाच.

तपासा: थंड झालेली तार मोडून तुटलेलं टोक भिंगाखाली बघा. घट्ट पाहिजे. आत पावासारखी भोकं दिसली तर टप्पा ३ ला परत जा, पुढं काही मोजू नका. रंग फिकट तपकिरी ठीक, कॉफीसारखा काळपट झाला तर तापमान किंवा आत राहण्याचा वेळ जास्त झालाय.

टप्पा ५: एमएफआय

१. डाय (ते २ मिमीचं भोक असलेला तुकडा) गरम असताना साफ करा, गेजनं भोक तपासा. घासून मोठं झालेलं भोक सगळे आकडे वाढवून दाखवतं.

२. १९० अंश, २.१६ किलो. माल फारच हळू येत असेल तर ५ किलो लावा, पण मग साध्या पीपीसकट सगळ्यांनाच ५ किलो. आज हे उद्या ते असं नको.

३. ४-५ ग्रॅम दाणा थोडा थोडा टाकत दाबून भरा. एकदम ओतला तर हवा अडकते आणि ती हवा तुम्हाला वाफेसारखी फसवते.

४. तापवायचा वेळ सगळ्यांना एकच ठेवा. एएसटीएम डी १२३८ मध्ये तो ७ मिनिटं आहे. एकाला पाच, एकाला दहा असं झालं तर जास्त वेळ थांबलेल्याचा धागा जास्त करपलेला असतो.

५. पहिला तुकडा टाकून द्या. पुढचे निदान पाच तुकडे सारख्या वेळेला कापा आणि प्रत्येकाचं वजन मिलिग्रॅमपर्यंत वेगवेगळं लिहा.

हिशोब: ६०० × ग्रॅम ÷ सेकंद. ३० सेकंदाच्या तुकड्याचं वजन ०.१५० ग्रॅम आलं तर ६०० × ०.१५० ÷ ३० म्हणजे ३.०.

बहुतेक जण पाचही तुकडे एकत्र करून सरासरी काढतात आणि खरी माहिती तिथंच घालवतात. तुकडे ओळीनं मांडून बघा. वजन थोडंसं वाढत जाणं चालतं, पिस्टन खाली येईल तसं ते होतंच. ठळक वाढत असेल तर माल आत बसून बिघडतोय. कमी कमी होत असेल तर धागा तोंडावर साचतोय. वर-खाली उड्या मारत असेल तर वाफ किंवा हवा.

आणि एक गोष्ट कोणी करत नाही. टेस्ट झाल्यावर पिस्टन काढून बॅरलमध्ये मागं काय राहिलंय ते गरम असतानाच बाहेर ढकला आणि चिमट्यानं उचलून बघा. बाहेर आलेल्या तारेसारखंच, चकाकी असलेलं पाहिजे. काथ्याच्या बोळ्यासारखं कोरडं, धागे सुटे दिसणारं निघालं तर प्लास्टिक गाळून पुढं गेलंय आणि धागा मागं राहिलाय. तो आकडा रद्द. धागा अजून आखूड कापा.

शेवटी घनता. धागावाला माल जड असतो, तेवढ्याच ग्रॅममध्ये आकारमान कमी भरतं. म्हणून साध्या पीपीशी तुलना करताना मशीनमध्ये सोय असेल तर दहा मिनिटांत किती घन सेंटीमीटर आला तो आकडा घ्या, ग्रॅमचा नको.

टप्पा ६: जास्त वेगाला मोजणं

कॅपिलरी ऱ्हिओमीटर (माल वेगवेगळ्या वेगानं बारीक भोकातनं ढकलून त्याचा जाडपणा मोजणारं मशीन) आपल्याकडं प्रत्येक कॉलेजात नाही. म्हैसूरच्या सिपेटसारख्या (प्लास्टिकची सरकारी संस्था) ठिकाणी विचारून बघा, पण नमुना सीलबंद डब्यात सिलिका जेल घालून पाठवा आणि तिथं पोचल्यावर परत वाळवायला सांगा.

निदान चार-पाच वेग (शिअर रेट) घ्या, सेकंदाला १०० पासून काही हजारांपर्यंत. समजा १०० ला व्हिस्कॉसिटी (मालाचा जाडपणा) ६०० पास्कल-सेकंद आली आणि १००० ला १५० (हे आकडे फक्त हिशोब दाखवायला). वेग दहापट झाला आणि व्हिस्कॉसिटी चौथा हिस्सा राहिली. १/४ चा लॉग वजा ०.६०, त्यात १ मिळवला की ०.४०. हा झाला पॉवर लॉचा एन. एन जितका खाली, तितका माल वेगाला जास्त पातळ होतो.

धागावाल्या मालाचा बराच दाब डायच्या तोंडातच खर्च होतो, त्यामुळं एकाच डायवर मोजलं तर व्हिस्कॉसिटी फुगलेली दिसते. एकाच भोकाच्या, वेगळ्या लांबीच्या दोन डाय लावून तो तोंडाचा दाब वजा करायला सांगा, त्याला बॅग्ली करेक्शन म्हणतात.

तपासा: सगळे वेग झाल्यावर परत पहिल्या वेगाला एकदा मोजा. आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली आला तर माल मधल्या वेळात जळलाय, मधले आकडेही मग धरायचे नाहीत.

ऱ्हिओमीटर मिळतच नसेल तर स्पायरल मोल्डवर (गोल गोल वळणाची लांब खाच असलेल्या साच्यावर) दाब, वेग, तापमान सारखं ठेवून किती सेंटीमीटर भरतं ते बघा. लहान कारखान्याला तेवढं पुरतं.

टप्पा ७: मोल्डिंगवर आणताना

पीस शॉर्ट (अर्धवट भरलेला) आला की हात आपोआप तापमानाकडं जातो. ह्या मालाला ते शेवटी. आधी इंजेक्शनचा वेग वाढवा, कारण वेगानंच तो पातळ होतो. मग गेट मोठं करा, व्हेंट साफ करा. मग तापमान, तेही १९० च्या फार पुढं नाही. बॅक प्रेशर (माल भरून घेताना स्क्रूवर ठेवलेला मागचा दाब) कमीत कमी ठेवा, नाहीतर जपून आणलेला धागा स्क्रूतच तुटतो. वेग वाढवल्यावर पीसच्या शेवटच्या कोपऱ्यात काळा डाग आला तर तिथं हवा दबून पेटतेय, व्हेंट द्या.

माल आत किती वेळ राहतो तेही काढा. बॅरलमध्ये १२० ग्रॅम मावतो, शॉट २० ग्रॅमचा, सायकल ४० सेकंदाची, म्हणजे ६ × ४०, चार मिनिटं. हे ठीक. पण मोठ्या मशीनवर बारका पीस काढायला घेतला की हाच वेळ दहा-बारा मिनिटांवर जातो आणि पीस तपकिरीचा काळा होतो.

टप्पा ८: बंद करताना

जेवणाची सुट्टी असो की शिफ्ट संपलेली असो, धागावाला माल गरम बॅरलमध्ये ठेवून जायचं नाही. हॉपर बंद करा, साधं पीपी टाका आणि तार पांढरी स्वच्छ, ठिपका नसलेली येईपर्यंत काढत राहा. लाइट गेली आणि अर्ध्या तासात आली नाही, तर परत आल्यावर तापमान पूर्ण चढू द्या, आतला माल काढून फेका, त्यातनं पीस काढू नका. ह्या मालातनं आंबूस वाफा निघतात आणि मोल्डच्या पोलादाला गंज धरतो, म्हणून मोल्ड पुसून अँटीरस्ट मारूनच बंद करा. एमएफआयचा बॅरल गरम असतानाच सुती कापडानं दोन-तीनदा पुसायचा, डाय पितळी दांडीनं साफ करायची, स्टीलचं टोक आत घालायचं नाही.